अडीच एकराला तीन पानं

वकिलाच्या ऑफिसात पंचवीस वर्षं कारकुनी केली म्हटलं की लोक कीव करतात. "त्या रुक्ष कागदांत जीव कसा रमला हो तुमचा?" अहो, रुक्ष? खरेदीखतं रुक्ष, मान्य. भाडेपट्टे त्याहून. पण मृत्युपत्रं? मृत्युपत्र करायला आलेला माणूस खुर्चीत टेकला की पाच मिनिटांत एखादा किस्सा सांडतोच, आणि तो उचलून ठेवायला तिथे कारकुनाशिवाय कोणी नसतं! माझ्याकडे ते इतके साठलेत की मी घरात तोंड उघडलं की बायको दळण आणायला निघते. तुम्ही निघू नका. आज फक्त गजराकाकीचे सांगतो.

छप्पन-सत्तावन सालातली गोष्ट. चिंचवड स्टेशनाजवळ आमच्या अण्णांचं ऑफिस. अण्णा म्हणजे वकील, आवाज दणदणीत आणि नियमाला एकदम पक्के. मी नुकताच कराडकडून आलेला, बिनलग्नाचा, आणि माझ्या अक्षराचा मला भलताच गर्व. कागदावर शाईचा ठिपका पडला तर अख्खं पान फाडून नव्याने लिहायचो. पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना सुरू झाला होता. माझ्या खोलीतले सगळे तिथे चिकटायच्या खटपटीत, आणि मी दौत-टाक घेऊन अण्णांसमोर!

*

गजराकाकी पिंपळे गुरवची. साठीची, काटक, विधवा, पोटी मूल नाही. नवऱ्यामागे अडीच एकर जमीन तिच्या ताब्यात होती. एक एकर मळा आणि दीड एकर नदीकाठचं रान. राहायची पुतण्याकडे, म्हणजे रामभाऊ आणि त्याची बायको सोनाबाई यांच्या घरात. जुन्या कायद्याने विधवेने जमीन जन्मभर कसून खावी, पण तिला ती कुणाला देता येत नसे. ती गेली की जमीन नवऱ्याच्या भावकीत, म्हणजे रामभाऊकडे जायची. छप्पन साली नवा कायदा आला आणि ती जमीन पुरती बाईच्या मालकीची झाली.

काकीच्या कानावर हे बाजारात आलं. नावेने नदी ओलांडून, कासारवाडीला गेनूच्या टांग्यात बसून ती थेट आमच्या ऑफिसात! हातात आम्हाला द्यायला वांग्यांची पाटी, पुढेही दर खेपेला आणायची. म्हणाली, कायद्यात काय लिवलंय ते वाचून दावा.

अण्णांनी कलम वाचलं, सोप्या भाषेत समजावलं. काकीने पाटी खाली ठेवली. मग म्हणाली, परत वाचा. अण्णांनी परत वाचलं. काकीने पदर नीट केला, ताठ बसली.

"आता मोठ्यानं वाचा. भाईर टांगेवाला उभाय, त्यालाबी ऐकू जाऊ द्या."

आणि अण्णांनी वाचलं की हो! कोर्टात वाचतात त्या आवाजात! गेनू टांगेवाला म्हणजे रस्त्याचं वर्तमानपत्र. काकी परतीच्या नावेत पाय ठेवायच्या आत बातमी पैलतीरी रामभाऊपर्यंत पोचली होती.

*

पुढच्या आठवड्यात काकी पुन्हा हजर. आता कागद करायचा होता. मळा सोनाबाईच्या नावे, आणि नदीकाठचं रान गावाच्या शाळेला!

पिंपळे गुरवची शाळा तेव्हा देवळाच्या ओसरीत भरायची. देवळात भजन असलं की शाळेला सुट्टी, लग्न असलं की सुट्टी, आणि त्या गावात लग्नं फार! काकीला स्वतःला अक्षर येत नव्हतं. पण शाळेचं बोलताना तिचे हात असे काही हलायचे, भिंत इथं, खिडकी इथं, घंटा तिथं, की ऑफिसातच आम्हाला शाळा उभी दिसायला लागली. मी तर टाक खाली ठेवून बघत बसलो.

अण्णांनी विचारलं, रामभाऊला काय? काकी म्हणाली, त्याला त्याच्या बापाची जमीन आहे, पोरी नांदायला गेल्या. सोनाला स्वतःचं काय आहे?

मग तिचे हात थांबले. ते रान दहा वर्षं रामभाऊच कसत होता, आणि पुढे ते आपलंच असं धरून चालला होता. टांग्याच्या बातमीपासून तो काकीशी बोलत नव्हता. जेवायलासुद्धा पाठ फिरवून बसायचा.

"रामा मनापासनं व्हय म्हनला तरच शाळा," काकी म्हणाली. "घर मोडून शाळा बांधायची न्हाई मला. तसं झालं तर कागुद फाडून टाका."

अण्णा म्हणाले, कच्चा मसुदा तर करू. मला मात्र त्या दिवसापासून झोपेतसुद्धा एकच घोर. रामभाऊ हो म्हणेल का?

*

मसुदा करायला बसलो. मी लिहिलं, "मी खाली अंगठा करणार गजराबाई..." काकी म्हणाली, थांबा, आधी आभार.

अण्णा हसले. मृत्युपत्रात आभार नसतात म्हणाले. मिळकत, कोणाला, कधी, बस. कायद्याला आभार लागत नाहीत.

"कायद्याला नसतील लागत. मला लागत्यात."

पुढे दोन तास काकी सांगत होती आणि मी लिहीत होतो. सोनाने तापात सतरा दिवस पेज पाजली. शेजारच्या हरणाबाईने आपल्या आडाचं पाणी कधी अडवलं नाही. बोपखेलच्या वैद्याने पाय वाचवला. ढवळ्या नावाच्या बैलाने एकदा पुरातून तिला काठाला आणलं. बैलाचं नाव मृत्युपत्रात घालायचं का, यावर अण्णा आणि काकी अर्धा तास भांडले. बैल जिंकला!

रामभाऊबद्दल एक अख्खा परिच्छेद होता. तो सांगताना काकी खिडकीतून बाहेर बघत होती. लिहून झाल्यावर मला नाक शिंकरायला बाहेर जावं लागलं.

सगळं मिळून तीन पानं झाली. त्यात जमीन चार ओळींत संपली होती.

*

पक्की प्रत मी अशी लिहिली होती की छापखान्याने लाजावं. ती दाखवायला काकीला बोलावलं तर बरोबर सोनाबाई आलेली. अबोल बाई. तिने कनवटीची पुडी सोडली आणि माझ्या त्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात हळदीकुंकवाची दोन बोटं ओढली!

मी ओरडलोच. काकी शांत. म्हणाली, नवा कागद आमच्यात हळदीकुंकू लावल्याबिगर पुढं नेत नाहीत, आणि मी विधवा, म्हणून हिला आणली. अण्णा म्हणाले, असू दे, कोर्टाने विचारलं तर मी बघतो.

पण मला कुठलं राहवायला! त्या दोघी गेल्यावर मी गुपचूप पहिलं पान नव्याने उतरवलं. तेच शब्द, त्याच ओळी. एका वेलांटीचा फरक नाही. आठ दिवसांनी काकी आली. कागद हातात घेतला, उलटा धरला, आणि नुसती माझ्याकडे बघत राहिली.

"भाऊसाहेब, ह्यावरची हळद कुटं गेली?"

वाचता न येणाऱ्या बाईने माझी चोरी पकडली होती. सोनाबाईने मुकाट्याने पुन्हा पुडी सोडली.

*

मग एके सकाळी रामभाऊ एकटाच आला. धिप्पाड, मिशाळ, डोळे लाल. काकीने काय लिवलंय ते सांगा म्हणाला. अण्णांनी सांगितलं, अशिलाची गोष्ट बाहेर सांगता येत नाही. रामभाऊ बाकावर बसून राहिला. अण्णा पुण्याला कोर्टात गेले, तरी हा बसूनच.

मी ती तीन पानं टाचत होतो. त्यालाही वाचता येत नव्हतं, पण पानं मोजता येत होती.

"अडीच एकराला तीन पानं?" तो म्हणाला. "एवढं काय काय कुनाकुनाला दिलंय तिनं?"

राव, काय सांगू तुम्हाला! जिभेच्या टोकावर आलं होतं, की अरे बाबा, यात जमीन चार ओळी आहे, बाकी सगळे आभार आहेत, आणि सगळ्यात मोठे तुझे आहेत! पण अण्णांचा नियम. मी टाचणी बोटात टोचून घेतली आणि गप्प राहिलो. रामभाऊ उठून गेला. जाताना म्हणाला, तीस वर्षं एका ताटात जेवलो, एका शब्दानं मला विचारलं असतं तर काय झालं असतं.

हे मात्र मी काकीला सांगितलं. ती त्या दिवशी वांगी न देताच गेली.

*

अण्णांचा आणखी एक नियम असा, की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार त्याने साक्षीदार व्हायचं नाही. साक्षीदार दोन लागतात. नियम ऐकून काकी विचारात पडली.

"शाळा समद्या गावाला मिळनार. मग आमच्या गावातलं कोन साक्ष देनार?"

अण्णांनी स्वतःचाच नियम पुस्तकात तपासून पाहिला. वीस वर्षांच्या वकिलीत पहिल्यांदाच! मग त्यांनी परोपरीने समजावलं, की अहो तसं नसतं. पण काकी आता नियमाला अण्णांपेक्षा पक्की झाली होती. पिंपळे गुरवचे सगळे बाद! सांगवीहून दोघं तयार होऊन आले. काकीने त्यांना विचारलं, शाळा झाली तर पोरं कुठं घालाल? ते खुशीत म्हणाले, तुमच्याच शाळेत की. बाद! पिंपळे सौदागरचा एक पाहुणा त्याच प्रश्नाला बाद! मी म्हटलं, मी करतो सही. मी कराडचा.

काकीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. म्हणाली, तुमी भाड्यानं ऱ्हाता. उद्या लगीन होईल, आमच्या गावात खोली घ्याल, पोरं व्हतील. मीही बाद! न झालेल्या लग्नाच्या न झालेल्या पोरांपायी!

शेवटी एकटा गेनू टांगेवाला टिकला. त्याचं घर चिंचवडला, पोरं चिंचवडच्या शाळेत. एक साक्षीदार झाला. दुसरा कुठून आणायचा?

*

ठरलेला दिवस आला. दुसरा साक्षीदार नव्हताच, रामभाऊचा होकारही नव्हता, तरी काकी आली. म्हणाली, निदान वाचून तरी दावा, बरोबर हाय का बघते. सोनाबाई शेजारी बसली. गेनू दाराशी उभा. आणि रामभाऊ? तो आला होता, पण आत येईना. बाहेर टांग्याच्या पायरीवर रस्त्याकडे तोंड करून बसला होता.

अण्णांनी कागद उचलला. काकी म्हणाली, "मोठ्यानं वाचा."

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. गेनू तर आतच होता. टांग्यावर दुसरंच कोणी बसलं होतं. अण्णांनी चष्मा पुसला आणि सुरुवात केली, कोर्टातल्या आवाजात. सोनाची पेज झाली. हरणाबाईचा आड झाला. वैद्य झाला, बैल झाला. मग तो परिच्छेद आला.

"माझे धनी वारले तेव्हा माझा पुतण्या रामा बारा वर्षांचा होता. भावकीतल्या जाणत्यांनी ठरवलं, की हिला माहेरी धाडावी आणि जमीन वाटून घ्यावी. बैलगाडी दारात उभी केली. रामा चाकापुढे आडवा झाला. म्हणाला, काकी गेली तर गाडी माझ्या अंगावरून जाईल. तो दुपारपर्यंत उठला नाही. शेवटी त्यांनी बैल सोडले. म्हणून मी त्या घरात राहिले आणि म्हणून ही जमीन राहिली. जी जमीन मी आज देते आहे, ती रामाने राखलेली आहे. त्याचे माझ्यावर फार उपकार आहेत. हे मी त्याला तोंडाने कधी सांगितलं नाही."

अण्णांनी पान उलटलं. मग त्यांनी जमिनीच्या चार ओळी वाचल्या आणि कागद खाली ठेवला.

बाहेर टांग्याच्या स्प्रिंगा करकरल्या. रामभाऊ दारात येऊन उभा राहिला. त्याने काकीकडे पाहिलं नाही, अण्णांकडे पाहिलं.

"वकीलसाहेब, मला ह्यात काय मिळतं?"

अण्णांनी काकीकडे बघितलं. काकीने मान डोलावली.

"कायद्याने काही नाही," अण्णा म्हणाले. "मळा सोनाबाईच्या एकटीच्या मालकीचा."

"आनि शाळंत घालाया माझ्या घरात पोर न्हाई." रामभाऊने सदऱ्याची बाही वर सारली. "म्हंजे नेमात बसतो मी. आना शाई."

मग काकीने आपला अंगठा उठवला. सोनाबाईने तिचं मनगट धरलं. गेनूने सही केली. रामभाऊने अंगठा शाईत असा काही बुडवला, की उठवताना निम्मी ओळ काळी झाली आणि एक ओघळ खाली आला. माझं ते छापखान्यासारखं पान! मी बघत राहिलो. फाडायची इच्छा आयुष्यात पहिल्यांदा झाली नाही.

अण्णांनी शाईवर टीपकागद दाबला आणि म्हणाले, झालं काकी, पक्कं झालं.

काकी रामभाऊच्या काळ्या अंगठ्याकडे बघत होती.

"भाऊसाहेब," ती मला म्हणाली, "रामाच्या आभारात आनि एक लिवा. आजचं."

अण्णांनी मायेने समजावलं, की आता सह्या-अंगठे झाले. आता यात एक अक्षरही घालता येत नाही.

"मग पयल्यापासनं लिवा."

मी नवा कागद घेतला. सोनाबाई कनवटीची पुडी सोडायला लागली होती.