एक इसा काड्या

"शिशी तीच हाय गं, चतुरे. जा आता. माझ्याम्होरं लेकरांची रांग लागलीय."

"पन बाई, हिची चिठ्ठी येगळ्या रंगाची दिसायलीय. काड्या तेवढ्याच भरू का?"

"लुगडं बदललं मून बाई बदलती का? किती बार इचारशील! एक इसा काड्या. जा."

रांगेतल्या बाया खिदळल्या. चतुराबाईबी हसली, शिशी ओल्या फडक्यात गुंडाळली अन् घरला गेली.

हे बोलणारी कमलबाई आमच्या गावच्या उपकेंद्राची नर्स. माहेर येलदरीकडचं, कोरडवाहू घरातलं. तोंडानं फाटकी, पण हाताची हलकी. लेकरानं रडायला तोंड उघडावं तोवर तिची सुई बाहेर आलेली असायची. चतुराबाईच्या नवऱ्याला, सटवाजीला, साखरेची बिमारी होती. त्याला रोज सकाळी इन्सुलिनची सुई लागायची. कमलबाईच्या गळ्यात पाच गावं. रोज येणं कुठलं जमायला? म्हणून तिनं चतुराबाईलाच सुई द्यायला शिकवलं.

चतुराबाईला अक्षर येत नव्हतं. मोजणं मात्र पक्कं होतं, जुन्या माणसांचं. वीस झाले की एक इसा. चाळीस म्हणजे दोन इसा, ऐंशी म्हणजे चार. कमलबाईनं सिरींजवरच्या बारीक रेघांना काड्या म्हटलं अन् सांगितलं, "एक इसा काड्या भर, बुडबुडा काढ, मांडीत टोच." बाई शिकली. शिशी वाळूतल्या गार घागरीत ठेवायची, सिरींज उकळायची, सगळं नेमानं. गावानं कमलबाईची लय तारीफ केली. तिलाही ती गोड लागली.

एक गोष्ट मात्र तिनं शिकवलीच नव्हती. काडी म्हणजे नुसती रेघ. त्या रेघेत औषध किती, ते शिशीवरचा आकडा सांगतो. आजवरची शिशी चाळीसची होती. त्या दिवसांत नामांतराच्या मोर्च्यांपायी एस.टी. बंद पडलेली, गंगाखेडच्या दुकानात औषध नाही. सटवाजीचा थोरला भाऊ दिनकरराव रेल्वेनं परभणीला गेला अन् मिळाली ती शिशी घेऊन आला. ती ऐंशीची निघाली. नाव तेच, जोर दुप्पट. म्हणजे काड्या निम्म्याच भरायच्या. रांगेच्या घाईत कमलबाईनं शिशीवरचं नाव वाचलं, आकडा वाचला नाही.

दुसऱ्या दिवशी सटवाजी औत धरून चालला होता. अंगातली साखर पार उतरली, दरदरून घाम सुटला. कधीच्या मेलेल्या बैलाला हाका मारायला लागला अन् तासातच आडवा झाला. कमलबाई धावत आली. त्याच्या गालात साखर चोळता चोळता म्हणाली, "शिशी आन गं." चतुराबाईनं आणून हातात दिली. कमलबाईनं आकडा वाचला. ऐंशी.

जीप करून त्याला गंगाखेडला नेलं. डॉक्टरनं विचारलं, "किती औषध दिलं?"

"एक इसा काड्या," चतुराबाई म्हणाली. "म्या दिल्या."

"शिशी वाचता येत नाही तर हात कशाला लावता?"

कमलबाई तिथंच सलाईनची बाटली धरून उभी होती. बोलायला तिनं तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात नोकरी आठवली, अन् ते मिटलं.

सटवाजीचा जीव वाचला, डोकं गेलं. बाजारात नुसते दात बघून बैलाची जन्मकुंडली सांगणारा गडी, ओट्यावर बसून बायकोलाच विचारायचा, "तू कुनाची गं?" हापशावर बायांनी चतुराबाईला नाव ठेवलं, सुईवाली. एक तर तोंडावर म्हणाली, "आमच्या मालकाला ताप हाय, पन तुला न्हाई बलवायची माय!" कमलबाईच्या कानावर सगळं यायचं. आज सांगू, उद्या सांगू करत तिनं आठवडा घालवला.

मग एका सकाळी ती त्यांच्या अंगणात जाऊन उभी राहिली. दिनकरराव भावजयीवरच तोंडसुख घेत होता.

"दिनकरराव, तिला बोलू नका. शिशी तिनं मला दाखवली व्हती. आकडा म्या वाचला न्हाई. चूक माझी हाय."

दिनकररावनं हात जोडले. "नर्सबाई, तुमचं मन लय मोठं. पन तिला पाठीशी कामून घालायलाव?"

"पाठीशी न्हाई वो! खरं सांगायलेय."

"खरं असतं तर डाक्टरम्होरंच बोलला असताव की."

कमलबाई वळली. तिनं चतुराबाईकडं बघितलं. "चतुरे, तू तरी सांग. रांगेत इचारलं व्हतंस ना?"

चतुराबाई म्हणाली, "इचारलं व्हतं बाई. पन हात माझाच व्हता. माझ्यापायी तुमी कशाला पाप घ्यायलाव?"

आठ दिवसांमागं जे कबूल करणं ठरलं असतं, ते आता उपकार ठरलं. गावात कमलबाईची तारीफ आणखी वाढली. गरिबाची चूक अंगावर घेणारी बाई, म्हणे. ते ऐकलं की ती थुंकायची.

चतुराबाईनं सिरींजीला पुन्हा हात लावला नाही. कमलबाईनं एकदा तिला बसवून घेतलं. "आता आयक. शिशी दोन इसाची असंल तर काड्या एक इसा. चार इसाची असंल तर निम्म्या. एवढंच हाय."

"एवढंच व्हय," चतुराबाई म्हणाली अन् भांडी घासायला उठून गेली.

एवढंच होतं. इसाची ही मोजदाद कमलबाईनं आईच्या मांडीवर ऐकलेली. शिकवायच्या दिवशी त्यातली एक ओळ तिच्या तोंडातून निघाली असती, तर चतुराबाईनं शिशी घरला न्यायच्या आधीच आकडा विचारला असता.

तेव्हापासून सटवाजीची सुई कमलबाईच द्यायची. पाच गावं असोत नाहीतर दहा, तिची सकाळ त्या ओट्यावरूनच सुरू व्हायची. शिशी उजेडात धरायची, आकडा मोठ्यानं वाचायची, मग भरायची. सटवाजी विचारायचा, "तुमी कोन?" ती म्हणायची, "नर्स हाय. हलू नका."

परवाही तसंच झालं. सुई देऊन ती उठली. वस्तीवर गीताबाईला आठवा महिना लागलेला, पायाला सूज होती. कमलबाईनं पिशवी खांद्याला लावली अन् बांधाबांधानं वस्तीकडं निघाली.