सासू विकणाऱ्या जावयासोबत मार्कंडा ते कुरखेडा

चंद्रपूर-गडचिरोलीला जायचं ठरलं ते वसंतच्या कवितेमुळे. माझा नवरा मूळचा कुरखेड्याकडचा. नोकरीपायी पुण्यात मुरला, पण कविता लिहितो ती तिकडच्या झाडीबोलीत. पुण्यात ती कुणाला कळत नाही, आणि ज्यांना कळेल त्यांनी कधी बोलावलं नाही. यंदा दिवाळीनंतर कुरखेड्याजवळच्या एका गावातून मंडईतल्या, म्हणजे तिकडच्या गावजत्रेतल्या, कविसंमेलनाचं आमंत्रण आलं. तेव्हापासून हा माणूस अंघोळ करतानाही तीच एक कविता म्हणत होता. आपल्या माणसांनी ती एकदा ऐकावी, एवढंच त्याला हवं होतं. मी म्हटलं, चल, वाटेत मलाही चार देवळं बघू दे.

गाडी दिली वसंतच्या पुतण्याने. तो वडशाला नाटक कंपनी चालवतो. धान निघालं की या भागात गावोगाव नाटकं लागतात आणि लोक पाहुण्यांना खास बोलावून ती दाखवतात. आम्ही रेल्वेने चंद्रपूरला उतरलो, तर बाहेर बोलेरो उभी. टपावर भोंगा, दोन्ही दारांवर पोस्टर: ‘जावयाने विकली सासू’. आणि पोस्टरवरचा खलनायक म्हणजे थेट वसंत! त्याच जाड भुवया, त्याच मिशा.

पुतण्या फोनवर म्हणाला, “पोस्टर काढू नका काकू, सीझन चालू हाय. फुकटात जाहिरात होऊन राह्यली.”

गाडी मीच चालवली. जटपुरा गेट आणि गोंड राजांच्या समाध्या सकाळीच पाहून घ्या, नंतर ऊन भाजून काढतं. समाध्यांवरचं कोरीवकाम मी डोळे भरून पाहत होते आणि सहलीला आलेल्या बायका वसंतला डोळे भरून पाहत होत्या. शेवटी एकीने विचारलंच, “भाऊ, केवढ्याले विकली जी सासू?”

वसंत म्हणाला, “मी तो नाही.” यावर त्या एवढ्या हसल्या, की ते नाटकातलंच वाक्य असावं.

दुसऱ्या दिवशी मूलमार्गे गडचिरोली, तिथून चामोर्शी आणि मार्कंडा. रस्ता बराचसा चांगला, पण जंगलात गायी मधोमध बसतात आणि हॉर्नला दाद देत नाहीत. मार्कंड्याला वैनगंगा वळून उत्तरेकडे वाहते. देवळाच्या भिंतीवर एवढ्या मूर्ती, की मान दुखली तरी नजर हटत नव्हती. खूप वर्षांनी मला असं शांत वाटलं. ती शांतता देवळाबाहेरच्या चहाच्या टपरीपर्यंतच टिकली. टपरीवालीने मला चहा दिला, गरम आलुबोंडा दिला. वसंतला काहीच नाही.

“ह्यांनाही द्या ना, बाई.”

“याले काऊन देऊ? म्हातारीले विकून खाल्लं यानं!” मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “तुमची माय बरी हाय ना?”

माझी आई पुण्यात सुखरूप आहे, हे मी तिला शपथेवर सांगितलं. तेव्हा कुठे अर्धा कप मिळाला.

मुक्काम गडचिरोलीत केला. लॉज साधा, पण स्वच्छ. जेवणात तांदळाची भाकर आणि मासोळीचा रस्सा होता, तो चुकवू नका. सकाळी आरमोरी, मग वैरागडचा किल्ला. वसंतने किल्ल्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. गाडीत बसून मिशी काढावी का, हे मला विचारत होता. मी चिडून म्हटलं, “भुवयांचं काय करशील?”

दुपारी संमेलनाच्या गावात पोचलो. मंडईत पाळणे, जिलेबी, माणसांची गर्दी. वसंतचं नाव पुकारलं आणि मांडवात शिट्ट्या सुरू झाल्या. “अबे, सासू विकणारा आला!”

संयोजक गुरुजी कळवळून सांगत होते, “हे कवी हायत, पुण्याहून आले.”

“काई सांगता जी गुरुजी! मागच्या साली मीच पायलं याले. डायलाग मार, भाऊ!”

वसंतने दोनदा सुरुवात केली. दोनदा ती आरडाओरड्यात बुडाली. मला रडू आलं आणि त्या अख्ख्या गावाचा रागही आला. तेवढ्यात वसंतने मिशीवर ताव दिला आणि भयंकर हसला, “हा हा हा हा!”

मांडव चिडीचूप झाला. त्याच राक्षसी आवाजात त्याने कविता म्हटली:

“माय म्हणे, तलाव आटला तरी पोरा,
मासोळीच्या डोळ्यात पाणी रायते.”

अख्खी म्हटली. कुणी हललं नाही. पुढच्या रांगेतल्या आजीबाईंनी पदराने डोळे पुसले आणि शेजारणीला म्हणाल्या, “सुधारला बाप्पा. आता पाय, सासूले वापस आणते.”

टाळ्या थांबेनात. वसंत परत येताना गाडीत लहान मुलासारखा हसत होता.

पुण्याला येऊन आठवडा झाला, तर पोस्टरवरच्या त्या खऱ्या खलनायकाचा फोन. बिचारा वैतागला होता. जाईल त्या गावात लोक म्हणतात, ती मासोळीची कविता म्हण, तिच्याशिवाय नाटक पुढे जाऊ देत नाहीत. वसंतने त्याला ओळ न् ओळ सांगून ती पाठ करून घेतली. शेवटी त्याने विचारलं, “कवी कोण म्हणून सांगू जी?”

वसंत म्हणाला, “नाव नको सांगू. लोकं म्हणतीन, यानं कवितापण दुसऱ्याचीच विकली.”

फोन ठेवल्यावर मी त्याच्याशी कडकडून भांडले. तो नुसता हसत राहिला. गावागावांत ऐकतात ना, म्हणाला, मग झालं तर. त्याचं झालं असेल, माझं नाही. म्हणून इथे लिहून ठेवते: तिकडे कधी नाटकाला गेलात आणि सासू विकणारा जावई मध्येच थांबून मासोळीची कविता म्हणाला, तर ती माझ्या नवऱ्याची आहे.