घडीचा गोठा आणि चिकटवलेलं बाळ

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, प्रेरणा डोंगरमाथ्यावर, समुद्रकिनारी किंवा डोळे मिटून बसल्यावर मिळत नाही. ती शारजातल्या एका मातीच्या पार्किंगमध्ये, उभ्या गाडीत, सकाळी सातच्या सुमारास मिळते. ज्यांना शंका असेल त्यांनी स्वतः येऊन बसावे. एसी चालू ठेवावा.

मी तिथे बसायचो, कारण मला नोकरी नव्हती. अठरा वर्षं मी दुबईतल्या एका कंपनीत प्रदर्शनांचे स्टॉल डिझाइन केले. मग एके दिवशी एचआरमधल्या मुलीने मला एक पत्र आणि खजुराचा डबा दिला. तीनदा सॉरी म्हणाली. मी डब्याबद्दल तिचे आभार मानले. घरी आलो, तर बायकोने विचारलं, "आज एवढ्या लवकर?"

मी म्हणालो, "खलास." आणि चहा मागितला.

माझा स्वभाव नाटकी आहे. असा प्रसंग आला की मी कपाळाला हात लावून खुर्चीत कोसळेन, असं मला वर्षानुवर्षं वाटत आलं होतं. कोसळायची खुर्चीसुद्धा ठरलेली होती. पण काहीच झालं नाही. ना रडू, ना राग. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल जसा दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो, तसा मी स्वतःला वाटत होतो. बायको एका हॉटेलच्या लाँड्री विभागात सुपरवायझर. नोकरीबरोबर माझा व्हिसाही गेला, म्हणून तिने मला आपल्या व्हिसावर घेतलं. त्या कागदांवर सहीसुद्धा मी पोस्टमनच्या वहीत करावी तशी केली.

शरीराला मात्र कुणी पत्र दिलं नव्हतं. शारजा-दुबईचा जॅम चुकवायला ते पाचलाच उठे. मी आंघोळ करी, इस्त्रीचा शर्ट घाली, खाली उतरे आणि गाडीत बसे. कुठेही जात नसे. बायकोला हे ठाऊक होतं. ती एवढंच म्हणायची, "डबा तरी घेऊन जा."

असं पाच-सहा महिने चाललं. एका सकाळी ऊन तोंडावर आलं म्हणून मी काचेला लावायचा तो चंदेरी घडीचा पडदा उघडला. ओढला की उभा राहतो, दाबला की बोटभर जाडीचा होतो. मी तो उघडला, मिटला, पुन्हा उघडला. बराच वेळ तेच करत राहिलो. शेजारच्या गाडीतल्या पठाणाने शेवटी काच खाली केली.

"भाई, खराब है क्या?"

"नहीं," मी म्हणालो, "बहुत अच्छा है."

आम्ही वसईचे ख्रिस्ती. नाताळला घरात गोठा हवाच. गावी तो अंगणात पेंढ्यामातीचा होतो. इथे एका बेडरूममध्ये चार माणसं, म्हणून बाळ येशू फ्रिजवर, कॉर्नफ्लेक्सच्या डब्यांमध्ये जन्म घेतो. मला वाटलं, गोठाच या पडद्यासारखा का नसावा? ओढला की गोठा, मागे डोंगर, वर चंदेरी आकाश. नाताळ संपला की मिटून कपाटामागे. तिथेच पार्किंगच्या पावतीमागे मी पहिलं चित्र काढलं.

पाच गोठे तयार झाले. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारी चर्चच्या हॉलमध्ये विक्री असते, तिथे टेबल मिळालं. इकडे माझ्या साडूने त्याच्या गोदामात टायर मोजून घ्यायची नोकरी देऊ केली होती. "सोमवारपासून ये. पण लटकवू नको. रविवारी हो की नाही सांग." मी बायकोला म्हणालो, "पाचही गेले तर डिझाइन. नाहीतर टायर." मी हे दुसऱ्याच कुणाचं तरी भविष्य सांगावं तसं सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि रविवारची सुट्टी टाकून आली.

आता माझी चूक सांगतो. प्रदर्शनाच्या धंद्यात एक नियम असतो: जे सुटं असतं ते चोरीला जातं. मी तो निष्ठेने पाळला. मेंढ्या चिकटवल्या, तिन्ही राजे चिकटवले आणि गव्हाणीत अंगठ्याएवढं बाळ, तेही चिकटवलं. जगबुडी आली तरी निघणार नाही असा गोंद.

लोक जमले. मी गोठा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. वाहवा झाली. तेवढ्यात गर्दीतून एक मावशी पुढे आल्या. मुलाकडे अबुधाबीतल्या अल रीमला आल्या होत्या, तिथून खास या विक्रीसाठी. त्यांनी वाकून पाहिलं.

"हे काय! बाळ आलंसुद्धा?"

"हो ना, मावशी. पक्कं बसवलंय."

"पक्कं? अरे, नाताळला अजून चार आठवडे आहेत! नाताळच्या रात्री चर्चमधून, मिस्सावरून आल्यावर घरातल्या सगळ्यात लहानाने ठेवायचं असतं बाळ. तोवर गव्हाण रिकामी. तू तर आत्ताच जन्माला घालून मोकळा झालास!"

हॉल हसला. माझी सतरा वर्षांची मुलगी पुटपुटली, "डॅडी, यू ग्लूड हिम? सीरियसली?" हातात घेतलेले गोठे लोकांनी परत टेबलावर ठेवले.

मला लाज वाटायला हवी होती. वाट पाहिली, आली नाही. हात मात्र कटरकडे गेले. प्रदर्शनाच्या उद्घाटनाला तासभर उरला की हात जसे कुणाला न विचारता चालतात, तसे ते चालले. पाचही बाळं खरवडून काढली, कागदी चहाच्या कपात ठेवली. खोक्याचा पुठ्ठा दुमडून काड्यापेटीएवढा खण केला आणि मागच्या डोंगरात सरकवला. चार आठवडे बाळ डोंगराच्या पोटात. नाताळच्या रात्री खण ओढायचा.

मावशींनी खण दोनदा ओढून पाहिला. "आता कसं! कितीला?"

"पंचाहत्तर दिरहम."

"म्हणजे सतरा-अठराशे रुपये! वसईत एवढ्यात गोठ्यावर खरं वासरू फुकट मिळेल."

"मिळेल, मावशी. पण ते विमानात घेणार नाहीत."

त्यांनी दोन घेतले. मग तिसरा गेला, चौथा गेला. पाचव्याचा खण मी अजून दुमडतच होतो, पण एका घाईतल्या बाईंनी पैसे ठेवले, "हबीबी, खण मी घरी लावीन," म्हणाल्या, पुठ्ठा पर्समध्ये कोंबला आणि गोठा काखेत मारला.

तेवढ्यात साडू फुग्यांची, म्हणजे आमच्याकडच्या तळलेल्या गोल पावांची, प्लेट घेऊन आला. तोंड भरलेलं. "काय साडूभाऊ? उद्या साडेसातला?"

इथे मी भाषण ठोकायला हवं होतं. आनंद, सुटका, भीती, यातलं काही आत आहे का, हे मी प्रामाणिकपणे चाचपून पाहिलं. नव्हतं. एवढंच डोक्यात होतं की पुढचा खण अर्धा सेंटीमीटर खोल हवा.

"उद्या नाही जमणार," मी म्हणालो. "उद्या सहावा करायचाय."

साडूने, निदान ही तरी समजावेल, या आशेने माझ्या बायकोकडे पाहिलं. तिचं लक्षच नव्हतं. तिच्या हातात तो कागदी कप होता, नजर दाराकडे, आणि सहा महिन्यांत मी ऐकला नव्हता एवढ्या मोठ्या आवाजात ती हॉलभर ओरडली, "अहो बाई, थांबा, तुमचं बाळ इथेच राहिलं!"