दाराच्या आतली तारीख

साखर कारखान्याच्या काट्यावर मी उसाच्या गाड्यांची वजनं लिहितो. पगार खात्यात जमा व्हायला लागला, तसं बँकेनं क्रेडिट कार्ड पाठवलं. आमच्या घरात तसलं काही पहिल्यांदाच आलं होतं. दोन दिवस ते खिशात घालून मी माजलगावभर उगाच मिरवलो. मग त्यावर अब्बांसाठी मोबाइल घेतला.

मोबाइल हातात घेऊन अब्बांनी आधी काय विचारलं असेल, तर, "पैशे कवा द्यायचे?"

"पुढच्या महिन्यात, दहा तारखेला. बँक आठवण करून देते."

"बँक कशाला करून देईल? घेतलंय आपण."

मला हसू आलं. अब्बांचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्यांची सगळी आठवण दुकानाच्या पत्र्याच्या दारावर असायची, आतल्या बाजूनं. डाव्या फळीवर खडूनं गिऱ्हाइकांच्या गाड्या आणि त्या कधी द्यायच्या ती तारीख. उजव्या फळीवर स्वतःचं देणं: टायरवाल्याचं, ऑइलवाल्याचं. पैसे दिले की ओळ चिंधीनं पुसायची. संध्याकाळी दार आतून ओढून दोन्ही फळ्या वाचल्याशिवाय त्यांनी कधी कुलूप लावलं नाही. मी त्यांना म्हणायचो, मोबाइलमध्ये लिहा. ते म्हणायचे, मोबाइल बंद पडतो, दार पडत न्हाई.

बिलाच्या तारखेला दोन दिवस राहिले होते, तेव्हा अब्बा गेले. सकाळी चहा पिऊन दुकानाला निघाले आणि उंबऱ्यातच छाती धरून बसले. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

देणं बाकी असलं तर माणूस तिकडं अडकून राहतो, असं आमच्यात मानतात. म्हणून जनाज्याच्या नमाजाआधी मुलानं रांगांसमोर उभं राहून विचारायचं असतं. मीही विचारलं, "माझ्या वडलांकडं कुणाचं काही निघत असेल तर सांगा, मी देईन." टायरवाला पहिल्याच रांगेत होता. त्यानं नाही म्हणून मान हलवली. बाकी कुणीच बोललं नाही.

घरी आलो तर अम्मीनं पहिलं तेच विचारलं. "कुणी बोललं का?"

"न्हाई."

"हलके गेले मग," ती म्हणाली. त्या दिवसांत तिच्याकडं धीर म्हणून होता तो एवढाच.

बँकेचे मेसेज येत होते. मी पाहतही होतो. पण आमच्या बाजारात घरात मौत झाली की चाळिसाव्या दिवसापर्यंत कुणी दारात पैसे मागायला येत नाही. मागणारा समोरून चालला तरी नजर खाली घालून जातो. बँकही थांबेल, असं मी धरून चाललो. बँकेला कुणी कळवलंय, हा विचार माझ्या डोक्याला शिवला नाही. अनोळखी नंबरचे फोन मी उचलत नव्हतो. रोज गाड्यांचं वजन बिनचूक लिहिणारा माणूस मी!

एकविसाव्या दिवशी कामावरून घरी आलो, तेव्हा अम्मी अंथरुणावर बसली होती. पुढ्यात रुमालात बांधलेल्या तिच्या सोन्याच्या बांगड्या. ती इद्दतीत होती, चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नव्हतं. भेटायला येऊ न शकणारे लोक फोन करतील म्हणून अब्बांचा मोबाइल ती उशाशी चालू ठेवायची. कार्डाच्या फॉर्मवर दुसरा नंबर मी अब्बांचाच दिला होता.

"वसुलीचा फोन आलता," ती म्हणाली. "तू लोकांसमोर उभा ऱ्हायलतास ना? मग हे कोण हाय? या मोड आन् त्यांचं देऊन टाक."

"अम्मी, ते माझं देणं हाय. अब्बांचं न्हाई."

"मला समजावू नको. फोन त्यांच्यावर आला."

मी अंगणात जाऊन बँकेला फोन लावला. पलीकडच्या मुलीवर ओरडलो, की माझे वडील गेलेत, तुम्हाला काही लाज? तिचा काय दोष होता? ती शांतपणे म्हणाली, पहिली वेळ आहे म्हणून दंड माफ होईल, व्याज मात्र भरावं लागेल. मी तिथल्या तिथं सगळं भरलं, अब्बांचा नंबर काढायला सांगितला आणि पैसे मिळाल्याचा मेसेज अम्मीला दाखवला. तिनं पाहिलासुद्धा नाही. मेसेजवर तिचा भरवसा नव्हता.

तेव्हा मला दार आठवलं. अब्बांनी तारीख तिथं नक्की लिहिली असणार, आणि ती माझ्या नावानं. त्यांच्या हातचं अक्षर अम्मी नाकारणार नाही. फोटो काढून आणू, म्हणजे तिचा जीव निवेल.

ते गेल्यापासून मी दुकान उघडलं नव्हतं. आत गेलो, त्यांच्यासारखंच दार ओढून घेतलं आणि मोबाइलचा उजेड पाडला. डाव्या फळीवर दोन गाड्या होत्या. उजवी फळी पुसून साफ केलेली, मधोमध एकच ओळ: "मोबाइल, बँक". पुढं बिलाची तारीख, खाली दोन रेघा. माझं नाव कुठंच नव्हतं. पोराचं देणं त्यांनी आपल्या बाजूला लिहून घेतलं होतं.

आणि मी सगळ्या गावासमोर विचारून आलो होतो, कुणाचं काही निघतं का.

मी फोटो काढला नाही. खिळ्याला त्यांची चिंधी टांगलेली होती. ती घेतली, ओळ पुसली. पुसताना खूप रडलो.

घरी येऊन अम्मीसमोर बसलो. पुढ्यातला बांगड्यांचा रुमाल तिच्या हातात ठेवला.

"त्यांचंच होतं," मी म्हणालो. "फिटलं."

"कवा?"

"आज."

तिनं अब्बांचा मोबाइल उशाशेजारून उचलला, बंद केला आणि माझ्या हातात दिला.

"एकवीस दिवस अडकून ऱ्हायले," ती म्हणाली.