एका कार्डावरचं नाव

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. वडील सोलापूरला गिरणीत होते. पाळी सुटली की ते युनियनच्या ट्रेडल मशीनवर पत्रकं छापायचे, आणि ओल्या शाईचे कागद आमच्या खोलीत कपड्यांच्या दोरीवर वाळायचे. मजकूर कुणाविरुद्ध आहे हे मला कळत नसे. तळाची बारीक ओळ मात्र पाठ होती. मुद्रक म्हणून वडिलांचं नाव आणि पुढे आमचा पत्ता. एकदा पोलीस घरात शिरून "कोण छापतं हे?" म्हणून दरडावू लागले, तेव्हा वडील म्हणाले, "साहेब, नाव छापलंय की खाली. वाचता येत नाही काय?" दोन दिवसांनी ते ठाण्यातून सुजलेला कान घेऊन परतले आणि जेवायला बसले. निनावी कागद म्हणजे अफवा, असं ते म्हणायचे. माझ्यासाठी तो धर्मच होता.

चंदीगडला मी भाषाशास्त्रात संशोधन करायला आले ती हा धर्म घेऊनच. विषय एका शब्दाचा घेतला: दहशत. मूळ अरबी, तिथे अर्थ भांबावून जाणं, जागच्या जागी थिजणं. फारसीतून तो आपल्याकडे आला आणि मराठीत फार आरामात राहिला. आपल्याकडे दहशत बसते, पडते, आणि माणसं ती खातातही. जुन्या पत्रव्यवहारात ती बहुधा सत्तेची असते: सरकारची दहशत बसली म्हणजे बंदोबस्त चांगला झाला. गावात ती सावकाराची, शाळेत मास्तरांची. मग त्याला 'वाद' जोडला गेला आणि सत्तेच्या हातातला शब्द एका रात्रीत सत्तेच्या शत्रूंवर जाऊन बसला. जमिनी बळकावतात तसे शब्दही बळकावले जातात, हे मला सिद्ध करायचं होतं. त्यासाठी पंजाबपेक्षा योग्य जागा कुठली? खलिस्तानी चळवळीची ती वर्षं; शहरात चौकाचौकात वाळूच्या पोत्यांमागे बंदुका होत्या, स्कूटरवर मागे कुणाला बसवायला बंदी होती आणि वर्तमानपत्रात रोजच्या बळींचे आकडे पहिल्या पानावरून आतल्या पानावर सरकले होते.

कामाची पद्धत साधी. माणसांना बोलतं करायचं, शब्द त्यांच्या तोंडून वाक्यात आला की कार्डावर उतरवायचा. वर शब्द, मध्ये वाक्य, खाली बोलणाऱ्याचं नाव, वय, धंदा, मूळ गाव आणि तारीख. माझे मार्गदर्शक साताऱ्याकडचे होते, वीस वर्षं चंदीगडात. त्यांची मुलं मराठी ऐकून हिंदीत उत्तर द्यायची आणि त्यांच्या स्वतःच्या मराठीतही 'पक्का' आणि 'जी' कायमचे वस्तीला आले होते. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, "नाव, गाव, तारीख नसेल तर ते कार्ड नव्हे. रद्दी." मला ते फार आवडलं होतं. वर्षभरात बुटांच्या एका खोक्यात चारशेच्या वर कार्डं जमली.

सेक्टर बावीसमध्ये माझ्या खोलीखाली एका सरदारजींचं शिलाईचं दुकान होतं. मी त्यांना मास्टरजी म्हणायची, ते मला पुत्तर. मापाच्या लांब वहीत ते गिऱ्हाइकाचं नाव गुरुमुखीत लिहीत आणि तेच नाव चिठोऱ्यावर लिहून टाचणीने कापडाला लावत. माझ्या नावाचा ते दरवेळी नवाच उच्चार करायचे. वडिलांची पत्रकांची गोष्ट त्यांना मी मोठ्या अभिमानाने सांगितली होती. ते हसून म्हणाले होते, "शेर बंदा! और अम्मा क्या बोली?" आई काय म्हणाली होती, हे मला आठवेना.

एके दुपारी काज करता करता ते तरनतारनकडच्या आपल्या गावाबद्दल बोलू लागले. भाऊ तिथेच शेती करायचा. मान वर न करता म्हणाले, "दहशत तो पुत्तर दोनों तरफ़ की है। भाई के घर एक आते हैं बंदूक लेकर, कि रोटी दो। वो गए, तो दूसरे आते हैं बंदूक लेकर, कि रोटी किसको दी।"

वर्षभर मी ज्या वाक्याच्या मागे होते ते हे. मी पिशवीतून कार्ड काढलं तेव्हा त्यांनी सुई थांबवली.

"नाम मत लिखना।"

"नहीं लिखूँगी, मास्टरजी."

वर खोलीत जाऊन मी लिहिलं. नाव, वय, शिंपीकाम, गाव, तारीख. लिहिताना हात अडखळला नाही. खरं वाक्य निनावी ठेवणं म्हणजे भेकडपणा, आणि हे वाक्य जमवलेल्या वाक्यांतलं सर्वात खरं, असा माझा हिशेब. दिलेला शब्द मोडला, याची बोच मला त्या रात्री तरी लागली नाही.

सरांनी ते कार्ड वाचलं आणि उठून दार लावलं.

"अगं, नाव खोड. आत्ता, इथे बसून."

"तुम्हीच म्हणाला होता, नाव नसेल तर रद्दी."

"मग रद्दी होऊ दे. ही काय आजीच्या ओव्यांची कार्डं आहेत?"

"तुम्ही घाबरलात, सर."

"हो, पक्का घाबरलोय. तूही घाबर जरा, जी. फुकट आहे."

मी हसले. त्यांच्यावर, त्यांच्या 'जी'वर आणि वीस वर्षांत मऊ पडलेल्या त्यांच्या कण्यावर. कार्ड खोक्यात परत गेलं.

तीन आठवड्यांनी आमच्या गल्लीत झडती झाली. भाड्याच्या खोल्या एकेक करून पाहत होते. इन्स्पेक्टरने पलंगाखालून खोकं ओढलं आणि कार्डं चाळली. प्रत्येकाच्या डोक्यावर एकच शब्द.

"ये लिस्ट किसकी है?"

"लिस्ट नाही, शब्दाची नोंद आहे. मी शब्दाचा इतिहास..."

घाबरून मी मराठीत बोलत होते. मग हिंदीत सगळं सांगितलं: अरबी, फारसी, जुनी पत्रं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"लफ़्ज़ की हिस्ट्री में आदमियों के गाँव किसलिए?"

मला उत्तर येत होतं. चारशे वेळा पाठ केलेलं उत्तर. पण कार्डं त्याच्या हातात होती आणि खालून मास्टरजींच्या मशीनचा आवाज येत होता, आणि ते उत्तर माझ्याच कानाला वेड्यासारखं वाटलं. खोकं ते घेऊन गेले. मी खाली जाऊन मास्टरजींना सावध करू शकले असते. मी खोलीत बसून राहिले, कारण सांगायचं तर आधी हे सांगावं लागलं असतं की नाव लिहिलं आहे.

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप होतं.

सरांनी कुणाकुणाला भेटून नवव्या दिवशी खोकं सोडवून आणलं. कार्डं मी तारखेने लावलेली होती, त्यामुळे कुठलं कार्ड गायब आहे हे शोधावं लागलं नाही.

दुकान उघडलं तेव्हा महिना झाला होता. मास्टरजी मशीनवर होते. उजव्या हाताची दोन बोटं पट्टीत होती, कापड ते डाव्या हाताने सरकवत होते. मी दारातच सगळं सांगितलं. लिहिलं होतं, खोडलं नाही, सरांनी सांगूनही खोडलं नाही.

"मुझे पता है, मैडम जी। उन्होंने पर्ची दिखाई थी। लिखाई सुंदर है आपकी।"

भावाबद्दल विचारलं. शेतातून नेलं, म्हणाले. ठाण्यात म्हणतात, इथे आणलाच नाही.

"मैं लिखकर देती हूँ, मास्टरजी। दस्तख़त करके। नाम, पता, सब। कोर्ट में कहूँगी कि वो बात मेरी पढ़ाई के लिए थी।"

त्यांनी मशीन थांबवलं. "आपके पिताजी ने पर्चे पर किसका नाम छापा था?"

"अपना."

"अपना," ते म्हणाले, आणि पुन्हा मशीन चालू केलं.

माझं एक कमीज शिवून तयार होतं. त्यांनी ते काढून दिलं. टाचणीला चिठोरं होतं. त्यावर गुरुमुखीतलं नाव नव्हतं, फक्त एक आकडा: चौदा. मापाची वही नवी होती, आणि उघड्या पानावर वरपासून खालपर्यंत आकडेच होते.

प्रबंध मी पुरा केला. जुन्या पत्रांतली उदाहरणं त्यात नावानिशी आहेत; ती पत्रं लिहिणारे सगळे मेलेले आहेत, त्यांना कुणी विचारायला जाणार नाही. आजचं एकही उदाहरण नाही. परीक्षकांनी कारण विचारलं, तेव्हा मिळालं नाही असं मी सांगितलं.

मास्टरजींचा भाऊ अजून परतलेला नाही. त्याच्याबद्दल एक अर्ज लिहावा म्हणून मी मध्यंतरी कागद घेऊन बसले, आणि पहिल्याच ओळीत अडले. त्याचं नाव मला माहीत नव्हतं. ते मी कधी विचारलंच नव्हतं. कार्डावर त्याला जागा नव्हती.