नवऱ्याच्या हिट्सचा अंदाज

पंचेचाळिशी उलटल्यावर माझा नवरा बेसबॉल खेळायला लागला. स्टुटगार्टच्या बाहेर, आमच्या घरापासून एस-बानने तीन स्टेशनं पुढे, एक छोटा क्लब आहे. त्यांच्या सगळ्यात खालच्या लीगमधल्या संघाला माणसं कमी पडत होती. ऑफिसातल्या एकाने नवऱ्याला विचारलं, "तुम्हा भारतीयांना बॅट धरता येते ना?" तेवढं पुरलं. पुण्यात कॉलेजात असताना तो टेनिस बॉलचं क्रिकेट खेळायचा. त्यानंतरची वीस वर्षं गाड्यांचे गिअरबॉक्स बनवण्याच्या नोकरीतच गेली होती.

संघाला स्कोअररही हवा होता, म्हणून मलाही धरलं. चौकोन आखलेल्या कागदावर प्रत्येक खेळाडूचं काय झालं ते टिपायचं. फटका मारून माणूस धावत सुखरूप पहिल्या बेसवर, म्हणजे पहिल्या टप्प्यावर, पोहोचला की त्याच्या नावे एक हिट. आमच्या लीगमध्ये साधारण खेळाडूला चार वेळा बॅट हातात घेतल्यावर एक हिट मिळायची, म्हणजे बहुतेक वेळा माणूस बादच व्हायचा. हे नवऱ्याला कुणी नीट सांगितलं नसावं, कारण पहिल्या तीन सामन्यांत त्याने दहा वेळा बॅट घेतली आणि सहा हिट्स मारल्या. गुडघ्याजवळ आलेला चेंडू तो क्रिकेटसारखा खालून उचलायचा. समोरच्या पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, कळायचंच नाही की याला टाकायचं काय.

त्या रविवारी पोहे खाताना तो म्हणाला, "तीन सामन्यांत सहा. सीझनचे सामने चौदा. म्हणजे अठ्ठावीस. क्लबमध्ये एवढ्या कुणी मारल्यात का गं आजवर?"

"तुझ्याही अठ्ठावीस होणार नाहीत," मी म्हटलं.

माझी नोकरीच ही आहे. आमच्या कंपनीचे पार्ट गाड्यांत बसले की पहिल्या दोन-तीन महिन्यांत किती खराब होऊन परत येतात ते बघायचं आणि त्यावरून वर्षभराचा आकडा सांगायचा. पहिल्या महिन्यांनी मला इतक्यांदा तोंडघशी पाडलंय की सुरुवातीच्या आकड्यांचा सरळ गुणाकार मी करत नाही. लॅपटॉप ओढला आणि सांगितलं, "सतरा."

"सतराच? का?"

"दहा वेळा म्हणजे फार थोडं झालं. त्यात नशीब किती आणि तू किती, हे वेगळं काढता येत नाही. म्हणून उरलेल्या सामन्यांसाठी तुला साधारण खेळाडूच्या जवळ आणलंय. त्यातही जरा वरच ठेवलंय."

"म्हणजे तुझा माझ्यावर विश्वास नाही."

"तीन महिन्यांच्या पार्टवरही नसतो."

तो हसला नाही. मंगळवारी सरावाला गेल्यावर त्याने सगळ्यांकडे माझ्याबद्दल तक्रार केली. झालं उलटंच, प्रत्येकाला आपापला आकडा हवा झाला. क्लबच्या कपाटात जुन्या सीझनचे कागद होते. ते घरी आणून मी संघातल्या नऊही जणांचे अंदाज काढले. प्रशिक्षकाने यादी क्लबच्या खोलीत लावून टाकली.

संघात एक सुतार होते, साठीला आलेले. क्लबमध्ये सगळे एकमेकांना 'डू', म्हणजे अरे-तुरे, म्हणतात, पण त्यांना तसं म्हणायला माझी जीभ वळायची नाही. त्या वर्षी त्यांनीही दहा वेळा बॅट घेतली होती आणि हिट एकही नव्हती. डोळे साथ देत नाहीत, उन्हाळ्यानंतर थांबतो, असं त्यांनी प्रशिक्षकाला सांगून ठेवलं होतं. यादीसमोर ते बराच वेळ उभे राहिले आणि मग माझ्याकडे आले.

"हे बघ, माझ्यापुढे आठ लिहिलंय. चूक झालीय. माझं शून्य आहे."

"शून्य आजपर्यंतचं. आठ सीझन संपेपर्यंत."

"शून्याला कितीनेही गुणलं तरी शून्यच."

"मी गुणलं नाही. जुने कागद पाहिले. गेल्या पाच वर्षांत एकाही सीझनला तुम्ही दहा हिट्सच्या खाली गेलेला नाहीत. दहा वेळा बाद झाल्याने ते सगळं पुसलं जात नाही."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "दया म्हणून लिहिलं असशील तर खोडून टाक."

"माझ्या नवऱ्याला विचारा. याच पद्धतीने त्याच्या अकरा हिट्स मी कापल्यात."

ते मोठ्याने हसले आणि खरंच त्याला विचारायला गेले. त्यानंतर दर शनिवारी दोघं एकत्र सराव करू लागले. पाचव्या सामन्यात त्यांनी मारलेला चेंडू गवतातून हळूहळू घरंगळत गेला आणि कुणी उचलेपर्यंत ते बेसवर पोहोचले होते. तिथून त्यांनी मला एक बोट वर करून दाखवलं. स्कोअररने टाळ्या वाजवायच्या नसतात. मी वाजवल्या.

नवऱ्याला मात्र तोवर सगळ्या पिचरांनी ओळखलं होतं. ते आता त्याला चेंडू छातीच्या उंचीवर टाकायचे. सलग चार सामने कोरडे गेले. एका संध्याकाळी भांडी पुसता पुसता त्याने विचारलं, "माझा आकडा आता किती?"

"तेरा."

"तेरा? मला वाटलं, आता एकही व्हायची नाही."

"ते तू शेवटच्या चार सामन्यांवरून म्हणतोयस."

पुढची ताटली पुसताना तो शीळ घालत होता.

सप्टेंबरमध्ये सीझन संपला तेव्हा त्याच्या पंधरा हिट्स झाल्या होत्या आणि सुतारकाकांच्या नऊ. माझे आकडे दोघांच्याही बाबतीत थोडे चुकले, त्याचं कुणालाच काही वाटलं नाही. शेवटच्या सामन्यानंतर मैदानाच्या कडेला ग्रिल पेटवलं होतं. सुतारकाकांनी माझ्याच टेबलावर पुढच्या वर्षीचा नोंदणीचा कागद भरला. मग नवऱ्याने आपला भरला आणि खेळायच्या जागेपुढे 'पिचर' लिहिलं. प्रशिक्षकाने ते वाचलं, त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि सॉसेज उलटायला निघून गेला.