‘पेली’ आणि ‘पिते’

२०२२ साल, मी बहात्तर वर्षांचा. शाळा चौथीपर्यंत. उमर अकोटच्या कापसाच्या जिनिंगात मशिनी दुरुस्त करण्यात गेली. म्हातारपणी बडनेऱ्यात राहायला आलो आणि इथल्या चर्चचा पंच झालो. ते मला चांगलंच चढलं होतं, खोटं कशाला बोलू.

प्रभुभोजनाचा द्राक्षरस आमच्या चर्चमध्ये मनुका उकळून करतात. चर्च झाडणारी विधवा बाईच तो करून बाटलीत भरून चर्चच्या कपाटात ठेवायची. कपाटाची एक किल्ली तिच्याजवळ, एक माझ्याजवळ. एका शनिवारी दुपारी मी कपाट आवरत होतो. बाटली हातातून सुटली, फुटली. काचा उचलल्या, फरशी पुसली, घरी आलो. दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांनी सगळ्या पंचांदेखत विचारलं, "रस कुठं गेला?" माझ्यानं काही फुटतं, हे मला कबूल करवेना. बोलून गेलो, "बाई पेली असन."

मी रसाबद्दल बोललो होतो. पण ‘पेली’चं ‘पिते’ व्हायला किती वेळ लागतो? दिवस मावळेपर्यंत घराघरात झालं, चर्चची बाई पिते. ती रडली, शपथा घेतल्या. पंचांनी तिला कामावरून काढलं. हात वर करणाऱ्यांत माझाही हात होता. ती मूर्तिजापूरला लेकीकडे निघून गेली.

पुढचे तीन महिने मी कुठंच धड बसू शकलो नाही. पापांगीकाराची प्रार्थना सगळ्यांच्या वर आवाज काढून म्हणायचो. प्याला पुढं आला की घ्यायचो, आणि तो घोट घशाखाली उतरता उतरत नसे. घरी उगाच पंखा खोल, नळ खोल. मनाशी एकच घोकायचो, मी ‘पेली’ म्हणालो, ‘पिते’ लोक म्हणाले.

एका शनिवारी सकाळी बायको म्हणाली, "तो पंखा ठेवा खाली. कितीदा खोलसान?"

"तुले काय करा लागते?"

"त्या दिवशी तुमच्या पायजम्याले मनुकाचे डाग होते. मीच धुतले."

माझ्या हातातला पेचकस तसाच राहिला. "मंग बोलली काहून नाई?"

"तुमी सांगसान म्हनून वाट पाहून राहिली होती. पंच ना तुमी!"

मी तिच्यावर ओरडलो. मग चप्पल घातली आणि मूर्तिजापूरची एसटी धरली. रस्ताभर तोंडात वाक्यं जुळवत होतो आणि सगळ्यांत स्वतःलाच सांभाळून घेत होतो.

बाई लेकीच्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. मला पाहून उठली नाही. "काय जी पंचसाहेब, तोंडाचा वास घ्याले आले?"

मी उभ्यानंच सांगितलं, बाटली माझ्या हातून फुटली. आणि लगेच जोडलं, "पन मी ‘पेली’ म्हनलं होतं बाई, ‘पिते’ नाई."

ती हसली. ते हसू सोसवेना. "माह्या जवायानं मले महिनाभर घरात घेतलं नाई. त्याले हा फरक समजावून सांगता काय?"

मी हात जोडले. "माफ कर."

"इथं माह्या कानात काहून? जिथं म्हनलं, तिथं म्हना. मंग पाहू." आणि शेंगा सोलायला लागली. पाणीही विचारलं नाही. का विचारावं?

परतताना मला तिचाच राग येत होता, हेही लिहून ठेवतो. माफी मागायला गेलेला माणूस मी, आणि राग मलाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपासनेत, प्रभुभोजनाच्या आधी, मी पुढं जाऊन उभा राहिलो. बाक घट्ट धरला होता. म्हणालो, "बाटली मी फोडली. बाई पेली, असं मी खोटं बोललो." ‘पिते’चं नाव काढलं नाही. किल्ली पाळकसाहेबांच्या हातात दिली. त्या दिवशी प्याला आला तो घेतला नाही, शेजारच्याकडे सरकवला.